शेख बहगतचा हात आणि अडलेला रोबो

अलेक्झांड्रियाच्या रेल्वे स्टेशनात सामान वाहणारा रोबो भर गर्दीत जागच्या जागी थांबला. तिथे ताईत विकणाऱ्या शेख बहगतने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, हात वर केला. रोबो मुकाट चालू लागला.

"लोखंड माझं ऐकतं, मग तुमच्या आजारांची काय कथा?" शेख म्हणाला. ताइतांसाठी झुंबड उडाली.

खांबाशी उभी नर्मीन तीन आठवडे हे रोज बघत होती. रोबोला गर्दीतून चालायला शिकवणारी इंजिनिअर तीच. चहूबाजूंनी माणसं खेटली की कुणाला धक्का न लावता जायला वाट उरत नाही, म्हणून तो थांबतो. वाट मिळाली की निघतो. शेखचे चार चेले त्याला घेरायचे आणि हात वर होताच पाऊलभर मागे सरायचे. बस, एवढाच चमत्कार. तिने पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं होतं. रोबो अडतो हे जगजाहीर कशाला करायचं, असं ते म्हणाले. तिलाही ते सोयीचं वाटलं. तो कच्चेपणा तिच्याच कामातला होता.

मग झाडूवाली उम्म हना, म्हणजे हनाची आई, चार दिवस आली नाही. आली ती सुजल्या डोळ्यांनी. शेखच्या सांगण्यावरून तिने लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. हना इस्पितळात होती. कालच कुठे शुद्धीवर आली होती.

"तुमच्यासमोर चालायचं सगळं, बाई," ती म्हणाली. "खोटं असतं तर तुम्ही बोलला असतात, असं वाटलं मला."

नर्मीन तडक हमालांकडे गेली.

दुपारी गर्दी जमली तेव्हा तिने चार हमालांना रोबोभोवती उभं केलं. तो थांबला. उम्म हनाने हात वर केला, हमाल सरले, तो निघाला. दुसऱ्यांदा कुणीच हात वर केला नाही, हमाल नुसते सरले, तरी निघाला. हिने यंत्रात सैतान घातलाय, असं शेख नर्मीनकडे बोट दाखवून ओरडू लागला. मग चेले बाजूला ठेवून एकट्याने थांबवून दाखवा, असं नर्मीनने सांगितलं. शेख हात उंचावून उभा राहिला. रोबो त्याला वळसा घालून निघून गेला. लोक हसले.

नर्मीन हसली नाही. "मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "मी गप्प बसले, म्हणून हना इस्पितळात आहे. चमत्कार दिसला की हे कसं झालं ते विचारा. ज्यांना माहीत असेल त्यांना बोलायला लावा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

उम्म हनाने झाडू उचलला.

"तीन आठवड्यांपूर्वी सांगायचंत," एवढंच ती म्हणाली.