पावणेचारची भरती

घेवरचंदांनी पंचांगातल्या वद्य पंचमीवर बोट ठेवलं आणि पाचाची पाऊणपट केली. पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला भरती पूर्ण आणि सकाळी साडेनवाच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब. दिवस ठरला.

हा हिशेब त्यांना घाटमाथ्यावरच्या मढ गावच्या भिमाजीने शिकवला होता. भिमाजी भाताची कापणी उरकली की घाट उतरून कोकणात मिठागरावर राबायला जायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हे त्याने सहज बोलता बोलता सांगितलं, आणि घेवरचंदांसारख्या माणसाच्या हाती असा हिशेब पडल्यावर ते थोडेच गप्प बसणार! जुन्नरच्या बाजारात त्यांची ख्यातीच तशी होती. शेजारच्या गावी लग्नाला जायचं तरी बैलांनी पाणी कुठे प्यायचं हे ते आदल्या दिवशी ठरवत.

या वेळी मात्र कारण हसण्यासारखं नव्हतं. त्यांच्या बायकोचं, सुमतीबाईंचं, छातीचं दुखणं वाढलं होतं. पावसाळा सोसेल असं वाटत नाही, असं वैद्यांनी घेवरचंदांना बाजूला घेऊन सांगितलं. सुमतीबाईंना कोणी काही सांगितलं नाही, पण त्यांनी एकच मागणं मागितलं. नवव्या वर्षी त्या मारवाडातल्या ज्या गावातून सून म्हणून आल्या, त्या गावी घागरभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागे. एकदा समुद्र पायाला लागावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भरतीच्या वेळी आजारी बायकोला किनाऱ्यावर न्यायचं, म्हणजे लाटेच्या तोंडी द्यायचं, असं घेवरचंदांना वाटलं. ओहोटीला वाळू घट्ट असते, पाणी शांत असतं. हळूहळू चालत जावं, पाय भिजवावेत आणि बाराच्या गाडीने परतावं. कल्याणला नथमल मेहुण्यांकडे दिवस मावळायच्या आत जेवण. सूर्यास्तानंतर त्यांच्या घराण्यात कोणी घास घेतला नव्हता.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मढपर्यंत बैलगाडी, पुढे घाटातून डोली. डोलीला भिमाजी आणि त्याचे तीन भाऊबंद. चौथ्या दिवशी कल्याण आलं. भोई तिथेच नथमलच्या पडवीत थांबले आणि पंचमीला पहाटे नवराबायको आगगाडीने निघाली. दादरला उतरून घोड्याच्या गाडीने ती किनाऱ्यावर पोचली, तेव्हा बरोबर साडेनऊ वाजले होते. घेवरचंदांना मनातून फार बरं वाटलं.

पाणी लांब होतं. मध्ये ओली, सपाट वाळू पसरली होती. सुमतीबाईंनी चपला काढल्या, पाऊल उचललं आणि तसंच वर धरलं. मग ते मागे घेऊन होतं तिथेच ठेवलं.

वाळू हलत होती. तिच्यात बोटभर अंतरावर भोकं होती आणि प्रत्येक भोकाशी मसुराएवढा खेकडा ये-जा करत होता. असे हजारो. पाणी गाळल्याशिवाय न पिणारी, चुलीत घालायची काटकी आधी झटकून घेणारी ही बाई. घेवरचंदांनी डावीकडे शंभर पावलं जाऊन पाहिलं, उजवीकडे जाऊन पाहिलं. जीव नाहीत अशी वाट कुठेच नव्हती. ओहोटीचा त्यांनी सगळा विचार केला होता, हा तेवढा केला नव्हता.

सुमतीबाई माडाखालच्या कोरड्या वाळूवर बसल्या.

"पाणी इथवर येतं का हो?"

"येतं. पावणेचारला."

"आपणहून येतं," त्या म्हणाल्या. "आपल्याला जावं लागत नाही."

घेवरचंदांनी घड्याळ काढलं. बाराची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळची, आणि ती कल्याणला पोचेपर्यंत दिवस मावळलेला. नथमलकडे स्वयंपाक होऊन बसलेला असेल, असं ते म्हणाले. सुमतीबाईंनी मान हलवली. अकराला दोघं उठली तेव्हा पाणी वळलं होतं. पांढरी रेघ मघापेक्षा जवळ दिसत होती, ती दोघांनीही पाहिली.

गाडीने ठाणं सोडलं तेव्हा घेवरचंदांच्या लक्षात आलं, की एक जेवण बुडालं असतं तर काय बिघडत होतं? पर्युषणात आठ आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारी बाई समोर बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण गाडीला मागे वळता येत नव्हतं, आणि बोलून दाखवण्याचा धीर त्यांना झाला नाही.

भाद्रपदात सुमतीबाई गेल्या.

मार्गशीर्षात भिमाजी मिठागरावर निघण्याआधी जुन्नरच्या बाजाराला आला आणि दुकानाच्या पायरीवर टेकला. इकडचं तिकडचं झालं. मग कोणी विचारलं नसतानाच घेवरचंद किनाऱ्याची गोष्ट सांगू लागले. खेकडे, वाळू, गाडीची वेळ. सूर्यास्ताआधी तिच्या पोटात दोन घास जायला हवे होते, म्हणून निघालो, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

भिमाजीने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"शेटजी, त्या दिशी त्या जेवल्याच न्हाईत."

"म्हणजे?"

"सांजच्याला त्यांच्या वाटचं ताट त्यांनी पडवीत मला आणून दिलं. सकाळीच उपासाचा नेम घेतला व्हता म्हनल्या. जेवनापायी माघारी फिरायची घाई नको, म्हनून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी बी तेच इचारलं. म्हनल्या, त्यांनी लई दिस बसून बेत केलाय, माझ्या तोंडानं मोडवंना. त्यांनी आपनहून थांबू म्हनलं, की सांगनार व्हते."

समोरून बाजाराची माणसं ये-जा करत होती. कोणीतरी राम राम घातला, तो घेवरचंदांना ऐकू आला नाही.

"काय होतं ताटात?"

"लापशी व्हती, शेटजी. लई तूप व्हतं."

घेवरचंदांनी मान हलवली.

"हो. चांगली झाली होती," ते म्हणाले. "मी दोनदा वाढून घेतली."