निर्मात्याविषयी

खेळवाल्या बाईंची डिस्क घरी शहाण्या मुलासारखी वागायची आणि चारचौघांत गेली की आडमुठेपणा करायची. घरच्या कंप्युटरवर डिस्कमधली बाराही छोटी चित्रं टिचकीसरशी उघडत. शाळेच्या कंप्युटरवर मात्र टिचकी मारली की करडी पाटी यायची: "डी ड्राइव्ह, खेळवाल्या बाई, फुगा. सापडत नाही."

बाई कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवत. मूल माइकसमोर "पा" म्हणालं की पडद्यावरचा फुगा वर चढायचा. म्हणालं नाही, तर बिचारा खालीच लोंबकळत राहायचा. असे अकरा खेळ बाईंनी सात वर्षं खपून केले होते. बारावं चित्र होतं 'निर्मात्याविषयी'; त्यात त्यांचा फोटो आणि चार ओळी. पालक त्यांना खेळवाल्या बाई म्हणत, म्हणून फोल्डरलाही तेच नाव. आता एक समिती अशा सगळ्या शाळांना वाटायला एक डिस्क निवडणार होती. सात वर्षांचं चीज व्हायचं तर आत्ताच.

त्यांचा थोरला भाऊ दुसऱ्या अशाच शाळेचा मुख्याध्यापक. त्याच्याकडे डिस्क नेली तर फुगा पहिल्याच टिचकीला टुणकन उघडला!

"माझ्याकडे तर चालतेय," दादा म्हणाला. "तुमच्या शाळेचा कंप्युटरच खटारा असणार. पण छोटे, पक्की खात्री झाल्याशिवाय देऊ नकोस हं. समितीपुढे अडली तर हसं होईल."

भावाचा सल्ला म्हणून बाई थांबल्या. सोमवारी मुदत संपली.

बुधवारी कंप्युटर दुरुस्त करणाऱ्याने डिस्क पाहिली आणि कपाळावर हात मारला. "बाई, हे चित्र म्हणजे नुसता पत्ता असतो. तुम्ही तुमच्या घरच्या फोल्डरचा पत्ता घातलाय. खेळ डिस्कवर बसलेत, आणि चित्र त्यांना शोधतंय तुमच्या घरी. 'मी ज्या डिस्कवर आहे तिथेच बघ' एवढं सांगा त्याला, कुठेही चालेल." कसं सांगायचं तेही त्याने दाखवलं. दहा मिनिटांचं काम.

"पण दादाकडे उघडली की!"

"मग त्यांच्याकडे हेच फोल्डर असणार. याच नावाचं, याच जागी."

बाईंना आठवलं. मागच्या वर्षी त्यांचा कंप्युटर रुसला, तेव्हा दादाच येऊन दोन तास एकटा बसून दुरुस्त करून गेला होता. वर बाईंनी त्याला आग्रह करकरून जेवायला घातलं होतं.

त्या तडक दादाकडे गेल्या, अजून न बदललेली डिस्क त्याच्या कंप्युटरात घातली आणि बाराव्या चित्रावर टिचकी मारली. डिस्क त्यांची, फोटो दादाचा. कोट घातलेला, हसरा. खाली ओळ: 'सात वर्षांच्या अथक परिश्रमांतून.' मेल्याने वर्षंसुद्धा बदलली नव्हती.

दादा आतून आला. पडदा पाहून त्याचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. "बरं झालं आलीस. समितीकडे माझी डिस्क उघडत नाहीये. उद्या दुपारपर्यंत नीट करून मागितलीय."

"माझी डिस्क, दादा."

"तुझी-माझी काय करतेस? तुला कोण ओळखतं तिथे? बाकी सगळ्या बाद झाल्यात. ही अडली किंवा तू आरडाओरडा केलास, तर यंदा कुणालाच काही मिळणार नाही. माझ्यासाठी नको करूस. मुलांसाठी कर."

बाईंना संताप याचाच आला की तो खरं बोलत होता. त्यांना त्याचं तोंडही बघवेना. पण त्याच वेळी त्यांना त्यांच्या शाळेतली, शनिवारी घरीही शिकायला येणारी छोटी चिमणी आठवली. तीन आठवडे लोंबकळणारा फुगा वर गेला, तेव्हा स्वतःलाच टाळ्या वाजवणारी.

"चहा टाक," बाई म्हणाल्या.

दादा स्वयंपाकघरात गेला आणि त्या त्याच्या डिस्कवरचे पत्ते बदलत बसल्या. चोराने पत्तेसुद्धा जसेच्या तसे उचलले होते. प्रत्येकात 'खेळवाल्या बाई' लिहिलेलं. त्या डिस्कवर त्यांची तेवढीच खूण उरली होती आणि ती त्या स्वतःच्या हाताने पुसत होत्या. फुगा, गाडी, बेडूक... अकरा झाले. बाराव्यावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी डिस्क तशीच दादाच्या हाती दिली.

दादाने ती आपल्याच कंप्युटरात घालून आधी स्वतःचा फोटो उघडून पाहिला. "चालतेय!"

"तुझ्याकडे चालणारच," बाई म्हणाल्या. चहा न पिताच त्या उठल्या.

समितीने अकराही खेळ पाहिले. बारावं चित्र उघडायची कुणाला गरज वाटली नाही. मुख्याध्यापकसाहेबांना सगळे ओळखतच होते.

तीन महिन्यांनी डिस्क शाळाशाळांत पोचली, बाईंच्या शाळेतही. वेष्टनावर दादाचं नाव ठसठशीत. चिमणीने फुगा उंच चढवला, टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या चित्रावर स्वतःच टिचकी मारली. करडी पाटी आली: "डी ड्राइव्ह, खेळवाल्या बाई, निर्मात्याविषयी. सापडत नाही."

शेजारी बसलेल्या चिमणीच्या आईने ती वाचली. पुन्हा वाचली. मग वळून बाईंकडे पाहिलं.

बाईंनी पाटी बंद केली आणि माइक चिमणीपुढे सरकवला. "म्हण परत," त्या म्हणाल्या. "पा."