राहिलची दुसरी फेरी

राहिल मन्सूरीची दुसरी फेरी आजवर कोणी पाहिली नव्हती. खुद्द राहिलनेही नाही.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स हा खेळ म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती आणि गल्लीतली मारामारी यांचं एकत्र कुटुंब. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडतात आणि पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. असतात म्हणजे नियमात असतात. राहिलच्या सात लढती झाल्या आणि सातही पहिल्याच फेरीत आटोपल्या, त्यातल्या काही तर मागच्या रांगेतली मंडळी वडापाव घेऊन परत यायच्या आत. पिंजऱ्याचं दार लागलं की राहिल सुटायचा. समोरचा हात वर करतो न करतो तोच आडवा. लोक त्याला ‘बिबवेवाडीचा बुलडोझर’ म्हणायचे. बुलडोझर फार लांब जात नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याची अकॅडमी कोथरूडला, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर. खाली दहावीच्या गणिताचे क्लास चालायचे. क्लासवाल्यांनी तक्रार केली तेव्हा सोसायटीने सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव केला: दोरीवरच्या उड्या, धावणे व तत्सम सतत चालणारे आवाज बंद, अधूनमधून होणाऱ्या आवाजास हरकत नाही. माणूस एकदा उचलून आपटला तर तो आवाज अधूनमधूनचा धरला जायचा. अर्धा तास उड्या मारल्या तर सततचा. तेव्हापासून अकॅडमीत माणसं आपटायची, पण दम कोणी वाढवायचा नाही. खाली प्रमेय चालू असताना वर एकदाच धप्प व्हायचं आणि सगळे आपापल्या कामाला लागायचे.

कोच प्रज्ञेशला हा ठराव मनापासून पटला होता. आयटीतली नोकरी सोडून तो सहा आठवडे थायलंडला राहून आला होता आणि येताना एक टॅटू, एक दुखरा गुडघा आणि एक तत्त्वज्ञान घेऊन आला होता.

“कार्डिओ दिसत नाही, भावा,” तो म्हणायचा. “नॉकआउट दिसतो.”

दिसतो म्हणजे मोबाईलवर. अकॅडमीत पोरं यायची ती रील बघून, त्यामुळे सरावही रीलच्या मापाचा झाला. अर्ध्या मिनिटाची झुंज, शेवटी एकाने पडायचं, मग प्रज्ञेश म्हणणार, “ओके, कट.” सगळ्यांनाच चांगलं रील हवं असल्यामुळे पडण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, सोसायटीत पाण्याच्या असतात तशा. आज आमोद पडणार, उद्या ऋषी. राहिल अकॅडमीचा हिरो असल्यामुळे त्याला पाळी नव्हती. तो फक्त पाडायचा. पाच वर्षं.

त्यात लीगचं पत्र आलं. लीग म्हणजे मोठी. तिचे सामने दुबईला व्हायचे, टीव्हीवर दिसायचे, खेळाडूंना दोन वर्षांचा करार मिळायचा. पुण्यातून एकच जण घेणार होते आणि त्यासाठी राहिल विरुद्ध धायरीचा चेतन पोकळे अशी लढत लागली. जो जिंकेल त्याला करार. तिशी उलटलेल्याला लीग घेत नव्हती आणि राहिल ऑक्टोबरात तीस पूर्ण करणार होता. लढत सप्टेंबरात. म्हणजे दुसरी संधी नव्हती.

घरी बायकोशी, सबाशी, त्याचं ठरलं होतं: करार मिळाला नाही तर हे सगळं बंद, आणि अब्बांच्या सोफ्याच्या दुकानात पूर्णवेळ. सोफे दुरुस्त करण्यात वाईट काहीच नाही. फक्त सोफ्याला नवीन कापड चढवल्यावर कोणी उभं राहून टाळ्या वाजवत नाही, आणि राहिलला टाळ्यांशिवाय दिवस काढता येत नव्हता.

सबा महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे घरातली भांडणं शुद्ध व्हायची. एका संध्याकाळी बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. दोघं जिना चढत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर राहिल थांबला आणि मोबाईल बघू लागला.

“मोबाईल बंद आहे,” सबा म्हणाली.

“हो?”

“स्क्रीन काळी आहे. पण बघ तू. निवांत बघ.”

राहिलने मोबाईल खिशात घातला, पण पाय उचलला नाही.

“तीन फेऱ्या आहेत ना या लढतीत?”

“तीन लागत नाहीत.”

“लागल्या तर?”

“लागल्या तर बघू.”

“बघणार मी,” सबा म्हणाली. “तू डोळे मिटून दम खात असशील.”

त्याला राग आला, पण राग करायलाही श्वास लागतो. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो विरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळजाईच्या टेकडीवर पळायला गेला. सुरुवात झकास झाली, कारण त्याला पळणंही एकाच प्रकारे यायचं, एकदम सुटायचं. पहिल्या चढावर त्याने दोन कुत्री आणि एक निवृत्त बँक मॅनेजर मागे टाकले. दुसऱ्या चढावर बँक मॅनेजर पुढे गेले. राहिल बाकावर बसला, तर शेजारचे एक आजोबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ईसीजी काढून घ्या. आमच्या साडूंचं असंच सुरू झालं होतं.”

त्याने प्रज्ञेशला सांगितलं, रोज पळायला हवं.

“कशाला?” प्रज्ञेश म्हणाला. “पळणाऱ्या माणसाचे व्हिडिओ फक्त पोलीस बघतात. तुझा यूएसपी काय? एक्स्प्लोजन! तो चेतन माहितेय ना? सिंहगड चढतो आठवड्यातून तीनदा. वर जाऊन पिठलं-भाकरीसुद्धा खात नाही, तसाच उतरतो. इतका बोअर माणूस आहे. त्याला तू पहिल्या मिनिटात झोपवणार.”

राहिललाही हेच ऐकायचं होतं. तळजाई तिथेच राहिली.

पितृपक्ष असल्यामुळे धायरीतलं एक मंगल कार्यालय मोकळं होतं. लीगने तेच घेतलं. जिथे बोहलं असतं तिथे पिंजरा उभा राहिला. चेतनला ‘वरपक्ष’ पाटीची खोली मिळाली, राहिलला ‘वधूपक्ष’. भर दुपारी साडेतीनला लढत सुरू झाली. हॉलमध्ये धायरीकर जास्त, पण बिबवेवाडीची पोरंही टेम्पो भरून आली होती, आणि सबा शाळेतून अर्धी रजा टाकून तिसऱ्या रांगेत बसली होती.

घंटा झाली आणि राहिल सुटला.

ते पहिलं मिनिट पाहण्यासारखं होतं, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं. डावी लाथ बरगडीत, उजवा हात कानशिलावर, गुडघा पोटात. चेतन जाळीवर आदळला, घसरला, खाली बसला. राहिल त्याच्या छातीवर चढला आणि दोन्ही हातांनी सुरू झाला. बिबवेवाडी खुर्च्यांवर उभी राहिली. चेतनने कोपरं जुळवून डोकं झाकून घेतलं आणि तो थांबला. गॅसच्या रांगेत थांबतात तसा.

राहिलने वर पंचांकडे पाहिलं. आतापर्यंतच्या लढतींमध्ये एव्हाना पंच मध्ये पडलेले असायचे. पंच वाकून चेतनचे डोळे बघत होते आणि ते उघडे होते. राहिलने आणखी मारलं. मग आणखी. कोणीच “कट” म्हणत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की गुद्दे आता पोचतायत, पण लागत नाहीयेत. घड्याळात फेरीची अजून दोन मिनिटं बाकी होती. इतका वेळ तो पिंजऱ्यात कधी राहिलाच नव्हता.

घंटा झाली तेव्हा तो स्टुलावर बसला नाही, कोसळला.

“जबरदस्त!” प्रज्ञेश त्याच्या तोंडावर पाणी मारत म्हणाला. “फेरी आपली. आता सेम टू सेम परत.”

राहिलला विचारायचं होतं, कशाने? पण तोंडातून नुसती शिट्टी आली. समोर चेतनचा एक डोळा सुजून बंद झाला होता. त्याला स्टूल दिलं तर त्याने त्यावर टॉवेल ठेवला आणि स्वतः उभा राहिला.

दुसरी फेरी, जी कोणी पाहिली नव्हती, ती सगळ्यांनी पाहिली. तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. राहिलचे हात कमरेशी आले. त्याने लाथ मारली ती चेतनच्या मांडीपर्यंत पोचली आणि तिथेच विसावली. चेतनने काही विशेष केलं नाही. तो चालत आला, राहिलला जाळीशी नेलं आणि त्याच्या अंगावर रेलला, पीएमटीच्या बसमध्ये झोप लागलेला शेजारी रेलतो तसा. मधूनच एक गुद्दा बरगडीत. मग परत रेलायचं.

“दमला का, भाऊ?” चेतनने कानाशी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

राहिलने तोंड उघडलं, ते हवेसाठी.

“लई वेळ हाय अजून,” चेतन म्हणाला आणि बरगडीत आणखी एक दिला.

कुठेतरी मनात राहिलला वाटत राहिलं की आता याची पडायची पाळी आहे, हा विसरलाय, कोणीतरी आठवण करायला हवी.

फेरी संपली. आता एक-एक झालं होतं. तिसरी ज्याची, करार त्याचा. सबा तिसऱ्या रांगेतून उठून पिंजऱ्याच्या दारापर्यंत आली होती.

“थांबवा,” ती प्रज्ञेशला म्हणाली. “त्याच्या ओठांचा रंग बघा.”

“वहिनी, एकच फेरी! पाच मिनिटं. दुबई आहे पुढे.”

“दुबईला कोण जाणार? हा? याला दारापर्यंत जाता येत नाहीये.” मग जाळीतून ती राहिलशी बोलली. तिचा आवाज वर्गातला नव्हता. “राहिल. नको. घरी जाऊ.”

राहिलने ऐकलं. घरी म्हणजे दुकान, हेही ऐकलं. प्रज्ञेशच्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला.

तिसऱ्या फेरीत त्याला फक्त हवा हवी होती. तोंडातलं दातांवरचं रबराचं कवच त्याला घशात अडकलेल्या बुचासारखं वाटायला लागलं. त्याने ते थुंकलं. पंचांनी लढत थांबवली, कवच धुऊन परत बसवलं, ताकीद दिली. तेवढ्यात त्याला चार श्वास मिळाले. चार श्वास मिळतात असं कळल्यावर त्याने ते परत थुंकलं. या वेळी पंचांनी लगेच थांबवलं नाही. आणि चेतनचं कोपर, ज्याने गेल्या दहा मिनिटांत डोकं झाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ते शांतपणे आलं आणि राहिलच्या जबड्यावर बसलं. आवाज झाला. सोसायटीच्या ठरावात बसेल असा, एकदाच.

तो खाली गेला. चेतन वर आला. राहिलला हार मानायची होती. त्यासाठी समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थोपटायचं असतं, पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण पाच वर्षांत त्याच्यावर ती वेळ आली नव्हती. त्याने तळहात गादीवर टेकवला, उचलला, परत टेकवला. पंच दुसऱ्या बाजूला होते. त्यांना ते हात सावरल्यासारखं दिसलं. आणखी तीन-चार गुद्दे बसले.

शेवटी चेतनच थांबला. “सर,” तो पंचांना म्हणाला, “ह्यो सोडा म्हनतोय.”

धायरीने चेतनला उचललं. टेम्पोतून आलेली पोरं खुर्च्यांवरून उतरली आणि त्यांना एकदम भूक लागली.

वधूपक्षाच्या खोलीत मोठा आरसा होता, भोवती दिव्यांची माळ, कोपऱ्यात कुठल्याशा नवऱ्यामुलीने चिकटवून ठेवलेल्या टिकल्या. राहिल आरशाकडे पाठ करून बसला. सबा रुमालात बर्फ धरून त्याच्या जबड्याला लावत होती. डॉक्टर बघून गेले होते, लगेच एक्स-रे काढा म्हणाले होते. प्रज्ञेश दाराशी फोनवर होता.

लीगचे गोपाळकृष्ण सरदेशमुख आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

“वा,” ते म्हणाले. “छान झाली लढत. चेतनरावांचा करार झाला. आता तुमचा करू.”

सबाचा हात थांबला. “हा हरलाय,” ती म्हणाली.

“म्हणूनच. असं बघा मॅडम, आमच्याकडे नवीन मुलं असतात. त्यांना पुढे आणायचं असतं. नुसतं जिंकून लोक लक्षात ठेवत नाहीत. आधी भरपूर मार खाल्ला आणि मग जिंकला, की स्टार. त्यासाठी पहिल्या फेरीत प्रामाणिकपणे मारणारा माणूस लागतो. असा माणूस मिळत नाही हो. मारणारे मिळतात, पण ते पुढेही मारत राहतात.”

“म्हणजे हरायचं.”

“छे! आपल्याकडे फिक्सिंग अजिबात नाही. यांनी नेहमीसारखंच लढायचं, जीव तोडून. बाकीचं आपोआप होतं. फक्त दम वाढवायच्या भानगडीत पडू नका, एवढंच.”

“आणि तिशीची अट?”

“ती जिंकणाऱ्यांसाठी असते.”

“कधीपर्यंत?”

“दोन वर्षं म्हणू,” सरदेशमुख जबड्याकडे बघत म्हणाले. “पुढचं प्रकृतीवर.”

प्रज्ञेशने फोन खाली घेतला. “दुबई ना?”

“दुबईच.”

राहिलने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. ओठांच्या कडेने लाल लाळ आली.

“हो म्हणतोय,” प्रज्ञेश म्हणाला.

“तो काहीच म्हणत नाहीये,” सबा म्हणाली. “राहिल, माझ्याकडे बघ.”

राहिलने तिच्याकडे बघितलं. खरं तर बघून झाल्यावर थोडं थांबायचं होतं, विचार करायचा होता. बाहेर हॉलमध्ये चेतनसाठी टाळ्या चालू होत्या, आणि भिंत पातळ होती. त्याने मान हलवली. होकाराची. तीही एकदम, सगळा जोर लावून, इतकी की जबड्यातून कळ आली आणि तो डोळे मिटून धापा टाकत बसला.

“उत्तम,” सरदेशमुख म्हणाले. “घाई नाही. आधी हाड जुळू दे.”

सबाने रुमालातला बर्फ बेसिनमध्ये टाकला आणि एक्स-रेसाठी रिक्षा बघायला ती एकटीच बाहेर गेली.