चौदावं रीळ

"चाचा, तुमच्या दादासोला मंडळातनं हाकलायला निघालेत," कॉम्प्युटरवरची नजर न काढता स्वप्नाली म्हणाली.

लियाकतनं खुर्ची ओढली. "दोह्याचा दादासो? का?"

"दादासो म्हणतात, पिक्चरच्या शेवटी मोहनजीत जगतो. बाकीचे म्हणतात, मरतो. म्हणून ह्या माणसानं पिक्चर बघितलेलाच न्हाय, असं त्यांचं म्हणणं."

१९९९ साली नट मोहनजीतच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक मंडळ होतं. सभासद सतरा. चार लंडनला, दोन फिजीत, एक कतारमध्ये दोह्याला, एक इंदापुरात लियाकत, बाकीचे असेच सांडलेले. मोहनजीतला हे ठाऊक नसावं. असतं तर त्यानं अठरावं नाव स्वतःचं घातलं असतं.

लियाकत इंदापुरात पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचा. दर मंगळवारी तांब्याची तार घ्यायला बारामतीला आला की स्वप्नालीच्या कॉम्प्युटर क्लासात अर्धा तास बसायचा. तो सांगायचा, ती इंग्रजीत टाइप करायची. पूर्वी तो इंदापूरच्याच तंबू टॉकीजचा ऑपरेटर होता, त्यामुळे कुठलं गाणं कितव्या रिळात ते तोंडपाठ. लंडनवाले त्याला 'ऑपरेटरसाहेब' म्हणत. इंदापुरात साहेब म्हणायची पद्धत नव्हती. निदान त्याला तरी.

"दादासो काय म्हणतोय?"

"वरकुट्याहून वडलांबरोबर येऊन चारदा बघितला म्हणे, इंदापूरला. वडील आता न्हाईत, न्हायतर त्यांनाच साक्षीला आणलं असतं."

लियाकत पंख्याकडं बघत राहिला. पंखा बंद होता.

"लिव्ह," तो म्हणाला. "सहाचा खेळ संपायच्या आत वरकुट्याची शेवटची यष्टी सुटायची. कंडक्टर तंबूत मुंडकं घालून वरडायचा. निम्मं पब्लिक शेवट न बघताच पळायचं, आन् दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालायचं. मग मी कात्री घेतली. तेराव्या रिळात मोहनजीतचं लगीन लागतंय, तितंच 'समाप्त' चिकटवलं. गोळी त्याला चौदाव्यात लागती. ते डब्यातच ठेवलं."

स्वप्नालीची बोटं थांबली. "चाचा, पिक्चर कापला म्हणल्यावर तुमालाच काढतील की."

"त्यानं बघितलं तेच सांगितलंय. लिव्ह तू."

तिनं लिहिलं.

पुढच्या मंगळवारी लंडनचा प्रश्न आलेला होता: असे एकूण किती पिक्चर कापले? लियाकतनं प्रामाणिकपणे कळवलं, यष्टीच्या टायमात न बसणारे सगळे.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मंडळाचे सभासद सोळा होते. दादासो त्यात होता.

"तुमच्या नावानं माझ्या मेलवर एक पत्र हाय. दोह्याहून." स्वप्नालीनं वाचून दाखवलं. 'चाचा, माझी बाजू घेतलीत, उपकार झाले. आमचा म्हातारा शेवटच्या आजारपणातबी म्हणायचा, मोहनजीतचं कसं, सगळं चांगलं झालं बघ. म्हणजे पिक्चरात तो खरंच मरतो का?'

"काय लिहू?" तिनं विचारलं.

लियाकतनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. आजवर त्यानं त्याला हात लावला नव्हता. इंग्रजी अक्षरं हुडकत, एका बोटानं त्यानं मराठीत लिहिलं: 'आपल्याकडं न्हाय.'

पूर्णविराम कुठं असतो ते तेवढं तिला विचारलं.