रंगवलेली छागल

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य घामावर चालले. मी छागल आहे, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. जुनी तर आहेच, पण आता अर्धीच उरले आहे. ज्या दिवशी माझे दोन तुकडे झाले, त्या दिवसाबद्दल मला तुम्हाला सांगायचे आहे. तो दिवस पुन्हा येऊ शकतो, म्हणून सांगायचे आहे.

नाशिकच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानात फकिरा नावाच्या कारागिराने मला शिवले. दुहेरी टाका, वर दोरी, कोपऱ्यात लाकडी बूच. मला विकताना त्याने गिऱ्हाइकाला बजावले होते, "हिला आधी पाण्यात चांगली भिजवा. आणि हिला तेल, रंग, मेण काही लावू नका. हिला घाम आला पाहिजे. घाम थांबला की ही नुसतं गाठोडं."

फकिराचे म्हणणे अगदी खरे होते. माझ्या कापडाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपायचे आणि वाऱ्यावर उडून जायचे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माझ्याच पोटातल्या पाण्यातून निघून जायची. मी बाहेरून घामाघूम, म्हणून आतून गार. माणसाचे शरीरही हेच करते. हे पुढे नीट लक्षात ठेवा.

मला चंदरने विकत घेतले. चंदर मूळचा पेठच्या डोंगराकडचा. तो तेव्हा गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांत मजुरीला यायचा आणि मला मांडवाच्या तारेला टांगायचा. अख्खी टोळी माझ्यातले पाणी प्यायची. पुढे तो लेथ मशीन चालवायला शिकला आणि सातपूरला एका गाळ्यात लागला. गाळा म्हणजे औद्योगिक वसाहतीतले छोटेसे वर्कशॉप. मीही त्याच्यासोबत शहरात आले. त्याची मुलगी निकिता सातवीत असताना तिने शाळेच्या प्रयोगासाठी माझ्यात तापमापक बुडवला. बाहेर एकोणचाळीस अंश होते, माझ्या पोटात सव्वीस. तिने तीनदा मोजले, वहीत लिहिले आणि माझ्या ओल्या अंगावरून हात फिरवला. एवढे कौतुक माझे कुणी केले नव्हते.

मग गाळ्यात थंड पाण्याचे मशीन आले, घरात बाटल्या आल्या. मी खिळ्याला लटकले. दोन वर्षे मला पाण्याचा थेंब लागला नाही.

आता दौडीकडे येते. दर एक मे रोजी वसाहतीतल्या कामगारांचे मंडळ एक दौड भरवते. गिरणाऱ्याहून सातपूरपर्यंत अठरा किलोमीटर. मागच्या खेपेला चंदर बाराव्या किलोमीटरला रस्त्याकडेला बसला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे नावच बारा पडले. "बारा, चहा घेतोस का?" "अरे बारा, बारा नंबरचा पाना दे!" तो वरवरच हसायचा. बेचाळीस वर्षांचा हा माणूस कामावरून आल्यावर रोज पळायला लागला. पण संध्याकाळी, उन्हे उतरल्यावर. त्याच्या शरीराला भर उन्हात पळायची सवय झालीच नाही.

दौडीच्या आदल्या दिवशी त्याचा मेहुणा सावळीराम घरी आला. तो मोटारसायकलवरून पाणी घेऊन चंदरच्या सोबत राहणार होता. त्याने मला खिळ्यावरून काढले, झटकले आणि गाळ्यातून आणलेला मशीनचा हिरवा ऑइलपेंट माझ्या दोन्ही बाजूंना फासला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, 'गाळा क्रमांक चौदा'.

"मामा, हे काय केलंत?" निकिता ओरडली. आता ती दहावीला जाणार होती. "रंगानं छिद्रं बुजली! पाणी गार कसं होणार?"

"आगं, पेपरवाले येणार हायेत. फोटोत कळकट पिशवी दिसली तर गाळ्याची इज्जत काय राहील? पाणी ते पाणी. गरम काय अन् गार काय."

"तुमच्या दाजींच्या अंगावरही रंग मारा मग," निकिता चिडून म्हणाली. सावळीराम खो खो हसला. मला मात्र हसू आले नाही. माझा श्वास कोंडला होता.

सकाळी सहाची वेळ पत्रिकेत छापली होती. पावणेसहालाच सगळे धावपटू रेषेवर उभे होते. हवा छान होती. पण पाहुणे आले नव्हते. पाहुण्यांनी झेंडा दाखवल्याशिवाय दौड सुटायची नाही, ही मंडळाची रीत. सेक्रेटरी संतोष माइकवरून सांगत राहिला, "पाहुणे निघालेले आहेत, पाचच मिनिटं!" सात वाजले. आठ वाजले. चंदर जागच्या जागी उड्या मारत होता, अंग गरम ठेवायला. पाहुणे साडेआठला आले. मग शाल, श्रीफळ, मनोगत. झेंडा खाली पडला तेव्हा नऊला दहा मिनिटे कमी होती आणि सावल्या आखडल्या होत्या.

सावळीरामने मला हँडलला टांगले. मागे निकिता बसली. आम्ही चंदरच्या बाजूने हळूहळू निघालो.

पहिले सहा किलोमीटर तो चांगला पळाला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, पण नुकतीच खरड छाटणी झालेल्या. एका पानाची सावली नव्हती, नुसते वाळके हात वर केलेले खांब. डांबर मऊ पडले होते. चंदरच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते. मी ते मोजत होते. घाम आहे तोवर चिंता नाही, असे मी स्वतःला सांगत होते.

आठव्या किलोमीटरला त्याने पाणी मागितले. सावळीरामने बूच काढले. चंदरने घोट घेतला आणि लगेच थुंकला.

"सावळ्या, चहा भरलाय का काय?"

माझ्या पोटातले पाणी उन्हाने चांगलेच तापले होते आणि त्याला रंगाचा वास मारत होता. लाजेने मला फाटून जावेसे वाटले. त्यानंतर त्याने पाणी मागितलेच नाही.

बाराव्या किलोमीटरच्या दगडापाशी गाळ्यातली चार पोरे खास जाऊन बसली होती.

"आला रे, आला! बारा आला! बसा बारा, खुर्ची टाकलीये!"

त्यांनी खरेच एक प्लास्टिकची खुर्ची आणली होती. चंदरने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्याने वेग वाढवला. सावळीराम आनंदाने हॉर्न वाजवू लागला. "दाजी, तोडलं! बारा तोडलं!"

पण मित्रांनो, चौदावा किलोमीटर आला तेव्हा मी त्याची मान पाहत होते. ओघळ थांबले होते. मिठाच्या पांढऱ्या रेघा उरल्या होत्या आणि त्यांच्यामधली कातडी लाल, कोरडी होती. माझ्यावर रंग चढला तेव्हा माझे जे झाले, तेच त्याचे झाले होते. फरक एवढाच की माझ्यात पाणी होते आणि त्याच्यात रक्त.

"मामा, बाबांना थांबवा," निकिता म्हणाली. "ते वाकडे पळतायत."

"चारच किलोमीटर राह्यलेत. आता थांबवलं तर जन्मभर तोंड दाखवणार नाय ते."

तेवढ्यात चंदरने मान वळवून सावळीरामला विचारले, "शेळ्या बांधल्या का?"

"कुठल्या शेळ्या, दाजी?"

"पाऊस येतोय. शेळ्या बांध." आणि तो रस्ता सोडून एका द्राक्षबागेत शिरला. आभाळ पांढरेफटक होते. चार खांब ओलांडून तो तोंडावर पडला.

त्या बागेत झुंबरबाई नावाची मजूरबाई काम करत होती. ती धावत आली. निकिताने चंदरच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"पाणी ओता अंगावर! सगळं!"

सावळीरामने तिचा हात धरला. "येडी हायेस का? तापल्या अंगावर पाणी टाकलं तर लकवा भरतो. आधी अंग निवू दे."

"आपोआप निवणार नाही, मामा! घाम बंद झालाय त्यांचा! छागलीचं काय झालं, पाहिलंत ना?"

"पण हे पाणी तर गरम हाय…"

"असू दे गरम! उडताना उष्णता घेऊनच जाईल ते!"

माझ्या बुचातून पाण्याची करंगळीएवढी धार येत होती. निकिता झुंबरबाईकडे वळली. बाईच्या हातात छाटणीची कात्री होती. तिने एकदा सावळीरामकडे पाहिले, एकदा पडलेल्या माणसाकडे. "माझा दीर असाच गेला, उसाच्या फडात," ती म्हणाली. "कुणी पाणी टाकू दिलं नाय." आणि तिने माझ्या पोटात कात्री घालून माझे दोन तुकडे केले.

मला दुखले नाही. सगळे पाणी एकदम चंदरच्या छातीवर, मानेवर, काखेत गेले. झुंबरबाईने ठिबकची नळी उपटून आणली. निकिताने माझा अर्धा तुकडा उलटा केला, ओला करून त्याच्या मानेवर ठेवला. आतली बाजू रंगली नव्हती. सावळीराम रडत रडत आपला शर्ट काढून वारा घालू लागला. त्या वाऱ्याने माझे पाणी उडू लागले. मी पुन्हा घामेजले, या वेळी त्याच्यासाठी.

रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटे लागली. तोवर त्यांचे हात थांबले नाहीत. दवाखान्यात चंदर नऊ दिवस होता. पहिले दोन दिवस त्याने निकिताला ओळखले नाही. डॉक्टरांनी सांगितले की अंगावर पाणी पडले नसते, तर ओळखायला तो राहिलाच नसता. आता तो कामावर जातो, पण जरा ऊन लागले की त्याचे हात थरथरतात. लेथवर बसवत नाहीत त्याला.

यंदा पुन्हा एक मे आला. पुन्हा सहाची वेळ, पुन्हा पाहुण्यांची रिकामी खुर्ची. चंदर मला, माझ्या उरलेल्या तुकड्याला, भिजवून मानेवर घेऊन आला होता. निकिता तापमापक घेऊन पाटीवर लिहीत होती. सहा वाजता चोवीस. साडेसहाला सव्वीस.

"पाहुणे निघालेले आहेत, पाचच मिनिटं!" संतोष माइकवर म्हणाला.

चंदर उठला आणि रेषेवर जाऊन धावपटूंच्या समोर उभा राहिला. "संतोषभाऊ, झेंडा टाका. नायतर एकालाही पळू देणार नाय."

"बारा, तू बस बरं खाली."

कुणी हसले नाही. मागच्या वर्षी खुर्ची आणणाऱ्या पोरांपैकी एक जण रेषेवर होता. तो खाली मान घालून म्हणाला, "चंदरभाऊ बरोबर बोलतायत." संतोषने रस्त्याकडे पाहिले, पाटीकडे पाहिले. निकिता तेव्हा सत्तावीस लिहीत होती. चंदरचे हात थरथरायला लागले होते.

झेंडा पडला.

मित्रांनो, एवढेच मागते. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला रंग फासण्याआधी तिचे काम काय ते विचारा. आणि उन्हात कुणाचा घाम अचानक थांबलेला दिसला, तर त्याला गार वाटत असेल असे समजू नका. तेव्हा कुणाचीही वाट पाहू नका.