उभं राहायची रीत

साव्हेरियोनं तिसऱ्यांदा लेखणी दौतीत बुडवली आणि तिसऱ्यांदा खाली ठेवली. समोर प्रकाशक ओर्तूनियोंचा कागद होता: 'हा टँगो संपूर्णपणे माझीच रचना आहे.' खाली सही केली, की बोका बंदरातल्या या कॅफेत चौदा वर्षं पियानो बडवणाऱ्या इटालियनाचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं.

“मुहूर्त बघतोयस की काय?” ओर्तूनियो म्हणाले.

साव्हेरियोचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्याची थोरली बहीण फिलोमेना बसली होती, कालच कालाब्रियातल्या गावाहून बोटीनं आलेली. आज घरीच थांब म्हणून त्यानं परोपरीनं विनवलं होतं. पण ऐकेल तर ती फिलोमेना कसली! तिनं चाल ओळखली तर? गावात मयताभोवती बायका जो विलाप गातात, तोच त्यानं उचलला होता, ताल बदलून. आणि अख्खं शहर त्याची पाठ थोपटत होतं.

वादकांनी नेमका तोच टँगो धरला. जोडपी उठली. फिलोमेनाचा पेला ओठांशी जाता जाता थांबला. मग ती उभी राहिली आणि केसांतल्या पिना एकेक करून टेबलावर काढून ठेवू लागली.

“बाईंना नाचायचंय वाटतं,” ओर्तूनियो हसले. शेजारचे दोघे-तिघेही हसले.

साव्हेरियोला मात्र कळलं. विलाप चालू असताना घरच्या बायकांनी केस मोकळे सोडायचे आणि मुलानं टोपी काढून त्यांच्या मागे उभं राहायचं, ही गावची रीत. वडील अंथरुणाला खिळल्याचं पत्र येऊनही तो गेला नव्हता. तेव्हा नाचाचा हंगाम ऐन भरात होता. वडील गेले तेव्हा बायकांच्या मागची ती जागा रिकामीच राहिली, हे त्याला पुढे पत्रातून कळलं होतं.

“अरे, सही कर ना!”

“ही चाल माझी नाही,” साव्हेरियो म्हणाला. “आमच्या गावच्या बायकांची आहे.”

ओर्तूनियोंचं हसू मावळलं. कागद मागे सारून साव्हेरियो उठला, नाचणाऱ्यांचे धक्के खात कोपऱ्यापर्यंत गेला, टोपी काढली आणि बहिणीच्या मागे उभा राहिला.

फिलोमेनानं वळून पाहिलं नाही. तिचे केस पाठीवर सुटले होते, निम्मे पांढरे झालेले.

“आलास एकदाचा,” ती म्हणाली.