मीठ फिरायच्या आधी

मी एक जुना थाळा आहे, तांब्याचा, कल्हई केलेला. नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून एवढा रुंद केला की आठ माणसं भोवती बसून माझ्यातच जेवतात. तळ मात्र त्याने सपाट केला नाही. कुणाचं कोपर लागलं की मी डुगडुगतो, आणि वर बोलणीही मीच खातो.

मित्रांनो, मी बोहरी घरातला. जेवणाआधी आमच्याकडे मीठ फिरतं. प्रत्येकाने चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. कळवणच्या घरात माझ्याभोवती सगळ्यात बडबडी होती नूरबानो. ती सात वर्षांची झाली तेव्हा तिची नानी म्हणाली, "उद्या हिला फिरायला नेते. आम्ही दोघीच." दुसऱ्या दिवशी नूरबानो माझ्याजवळ अवघडून बसली. हातात नवा फुगा होता. मीठसुद्धा तिने घेतलं नाही.

पुढे बायकांच्या कुजबुजीतून कळलं. एका बाईकडे नेऊन तिच्या लघवीच्या जागेचा नाजूक भाग ब्लेडने कापला होता, आणि फुगा देऊन "घरी सांगू नकोस" असं बजावलं होतं. का, तर मुलगी वळणात राहते, चांगलं घर मिळतं, सगळेच करतात. सगळे म्हणजे किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी कुणाला विचारतच नव्हतं. पुरुषांना बहुतेक पत्ताच नसायचा. मला फार राग आला. पण थाळ्याच्या रागाला कोण विचारतो?

नूरबानोच्या लग्नात मीही नाशिकला आलो. तिच्या नवऱ्याचं, शौकतचं, सातपूरला नटबोल्टचं दुकान आहे. पुढे घरात स्टीलची ताटं आली आणि मी माळ्यावर पालथा पडलो. परवा दादीने, म्हणजे शौकतच्या आईने, मला खाली उतरवलं. तिची नात, म्हणजे नूरबानोची मुलगी अरफा, सात वर्षांची झाली होती.

सगळे बसले. दादी म्हणाली, "रविवारी अरफाला फिरायला नेते. आम्ही दोघीच."

मी डुगडुगलो. नूरबानोचं कोपर लागलं होतं. तिने मिठाची वाटी उचलून पदराखाली धरली. "आधी बोलायचंय. मग मीठ."

"पोरीला भूक लागलीय," शौकत म्हणाला. "झालं काय?"

"मलाही लहानपणी असंच फिरायला नेलं होतं. तिथे मला कापलं. अजून त्रास होतो."

शौकतने अरफाला जवळ ओढलं.

"बायकांच्या गोष्टी आहेत या," दादी म्हणाली. "सगळेच करतात. उद्या हिला सून कोण करून घेईल?"

"शेजारच्या तस्नीमला मी विचारलं. तिने मुलीला नेलंच नाही. लोकांच्या भीतीने गप्प होती बिचारी."

"अरफा कुठेही जाणार नाही," शौकत म्हणाला.

माझ्यातला भात गार होत गेला. "माझ्या आईने माझे हात धरले होते," दादी हळूच म्हणाली. "मी कधी कुणाला बोलले नाही."

नूरबानोने वाटी तिच्यापुढे केली. दादीने चिमूट उचलली आणि आधी अरफाच्या जिभेवर ठेवली.

मित्रांनो, मला कल्हई करा किंवा पुन्हा माळ्यावर टाका, माझी तक्रार नाही. पण कुणी एखाद्या मुलीला "घरी सांगू नकोस" म्हणालं, तर जेवण थांबवून सांगा. अरफाची आतेबहीण आता सहा वर्षांची आहे. तिच्या घरी मी नाही, म्हणून मला चैन पडत नाही.